शब्दाची राखण : परवल, रणघोष आणि व्यापाऱ्याची पत

मानवी समाजाने आपल्या रक्षणासाठी शस्त्रे घडविली, तट बांधले, कुलपे केली. परंतु या सर्वांच्या जोडीला त्याने आणखी एका साधनावर भिस्त ठेवली, ते साधन म्हणजे शब्द. शब्दाचा हा उपयोग इतिहासात दोन प्रकारे झालेला दिसतो. पहिला प्रकार परवलीच्या शब्दाचा. तो हळू आवाजात, मोजक्या माणसांत आणि ठरावीक मुदतीपुरता वापरला जातो. दुसरा प्रकार घोषणेचा किंवा रणघोषाचा. ती उघड्या मैदानात हजारो कंठांतून दिली जाते आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पहिला शब्द परक्याला दाराबाहेर ठेवतो. दुसरा आपल्या माणसांना घराबाहेर बोलावून एकत्र आणतो. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरुद्ध वाटतात. तथापि, दोहोंचे बळ एकाच ठिकाणाहून येते. तो शब्द ज्यांच्या तोंडी आहे त्यांच्या आचरणावर लोकांचा विश्वास असेल, तरच त्या शब्दाला किंमत असते. व्यापारी भाषेत यालाच पत म्हणतात.

गोदावरीकाठच्या कोपरगावला या विषयाचा एक दुःखद अध्याय जोडला गेला आहे. ज्यांच्या नावावर अटकेपारच्या झेंड्यांचा अभिमान आणि एका बदललेल्या अक्षराचा कलंक असे दोन्ही नोंदले गेले, त्या रघुनाथराव पेशव्यांच्या आयुष्याची अखेर याच परिसरात झाली. म्हणून या शब्दांचा इतिहास कोपरगावकरांना परका नाही.

परवलीचा शब्द : स्वरूप व परंपरा

मराठीतील 'परवल' या शब्दाचे लष्करी इंग्रजीतील 'पॅरोल' या शब्दाशी असलेले साम्य सहज ध्यानात येते. 'पॅरोल' हा शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा अर्थ 'बोल' किंवा 'दिलेले वचन' असा आहे. आज तुरुंगातील कैदी ठरावीक दिवसांसाठी 'पॅरोल'वर सुटतो, तोही याच अर्थाने. मुदत संपताच परत येण्याचे वचन त्याने दिलेले असते. पहाऱ्यावरील खुणेचा शब्द आणि दिलेले वचन यांना एकच नाव असावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. रात्रीच्या वेळी छावणीतील पहारेकरी 'हू कम्स देअर' असे दरडावून विचारत. देशी शिपायांच्या तोंडी त्याचा 'हुकुमदार' झाला. त्या प्रश्नाला त्या दिवसाचा ठरलेला शब्द मिळाला, तरच वाट मोकळी होत असे.

ही पद्धत अतिशय जुनी आहे. प्राचीन रोमन सैन्यात रोज सायंकाळी त्या रात्रीचा परवलीचा शब्द लाकडी पट्टीवर लिहून तुकड्यातुकड्यांतून फिरविला जाई आणि ती पट्टी अंधार पडण्यापूर्वी सेनाधिकाऱ्याकडे परत येणे बंधनकारक असे. एखादी पट्टी परत आली नाही, तर ती कोणत्या तुकडीत अडकली याचा लगेच शोध घेतला जाई. शब्द गुप्त ठेवण्याइतकेच तो कोणाकोणाच्या हातून गेला याचा हिशेब ठेवणे त्यांना महत्त्वाचे वाटत होते. हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्याला या शिस्तीचे मोल वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडे रामकथेतही परवलीचे तत्त्व फार सुंदर रीतीने आलेले आहे. लंकेत गेलेल्या हनुमंतावर सीतेने विश्वास कसा ठेवावा? त्यासाठी श्रीरामांची अंगठी ही खूण होती. परत निघताना सीतेने चूडामणी दिला. आणि वाल्मीकींच्या कथेत त्याबरोबरच फक्त दोघांनाच ठाऊक असलेला कावळ्याचा एक जुना प्रसंगही सांगितला. वस्तू चोरली जाऊ शकते, परंतु दोघांच्याच मनातील आठवण चोरता येत नाही, हे त्यामागील मर्म होय.

परवल कोठे फसते, याचे उदाहरण पुण्याच्या लाल महालात मिळते. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री, रमजानच्या महिन्यात, छत्रपती शिवाजी महाराज निवडक माणसांसह शायिस्ताखानाच्या प्रचंड छावणीत शिरले. पहारेकऱ्यांनी हटकले नाही असे नव्हे. त्यांनी विचारले; आणि आपण मोगली लष्करातलेच दख्खनी शिपाई असून नेमलेल्या चौकीवर जात आहोत, असे उत्तर त्यांना मिळाले. खानाच्या फौजेत दख्खनी शिपाई पुष्कळ होते, म्हणून ते उत्तर खरे वाटले. त्या रात्री खानाची बोटे तुटली, त्याचा पुत्र अबुल फत्ते मारला गेला आणि पुढे खानाची रवानगी बंगालच्या सुभ्यावर झाली. पहाऱ्यावर प्रश्न विचारण्याचा केवळ रिवाज उरला आणि उत्तराची पारख सुटली, म्हणजे लाखाची फौजही उघडी पडते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण बायबलच्या 'शास्ते' या भागात आहे. यार्देन नदीच्या उतारावर गिलादी लोकांनी पळून जाणाऱ्या एफ्राइमी शत्रूंना 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारावयास सांगितले. शब्दाचा अर्थ साधा, धान्याचे कणीस. परंतु एफ्राइमींच्या जिभेला 'श' वळत नव्हता. ते 'सिब्बोलेथ' म्हणत आणि जागीच मारले जात. अशा रीतीने ४२,००० माणसे मारली गेली, असे तो ग्रंथ सांगतो. येथे परवलीने शत्रू ओळखला, पण ती केवळ उच्चाराची परवल होती. माणूस कसा आहे हे न पाहता तो कसा बोलतो एवढ्यावरून त्याला आपला अथवा परका ठरविण्याची ही रीत जगाला पुढेही फार महाग पडली.

रणघोष : अर्थ आणि आवाहन

परवलीच्या शब्दाचा अर्थ काय, याला महत्त्व नसते. तो कोणताही असू शकतो. रणघोषाचे तसे नाही. तो ज्यांच्या श्रद्धेतून निघतो त्यांच्याच कंठात शोभतो. 'हर हर महादेव' या गर्जनेने मराठी फौजा शत्रूवर तुटून पडत. जेजुरीच्या गडावर भंडारा उधळताना 'येळकोट येळकोट जय मल्हार' असा घोष होतो. 'येळकोट' हा शब्द कन्नडमधील 'एळु कोटी', म्हणजे सात कोटी, यावरून आला असे अभ्यासक मानतात. घोष देणाऱ्या बहुसंख्य भाविकांना हा अर्थ ठाऊक नसतो. तरीही त्या एका शब्दाने अनोळखी माणसे क्षणात एकमेकांची होतात. वारीतील 'ज्ञानबा तुकाराम' या नामघोषाचेही तेच कार्य आहे.

भारतीय सेनेने ही परंपरा जपली आहे. शीख पलटणींचा 'जो बोले सो निहाल, सत श्री अकाल', गोरख्यांचा 'जय महाकाली, आयो गोरखाली', महार रेजिमेंटचा 'बोलो हिंदुस्थान की जय' हे घोष प्रसिद्ध आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचा घोष 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' असा आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली पूर्व आफ्रिकेतील एरिट्रियामध्ये केरेन येथे इटालियन फौजेशी झालेल्या भीषण डोंगरी लढाईत हा घोष प्रथम दुमदुमला, अशी रेजिमेंटची परंपरा सांगते. परक्या सत्तेच्या नोकरीत, परक्या भूमीवर, वरून गोळ्यांचा वर्षाव होत असताना चढण चढणाऱ्या मराठी शिपायांना बळ दिले ते आपल्या राजाच्या नावाने. ते नाव एवढे बळ देऊ शकले, याचे कारण त्या राजाने रयतेच्या विश्वासाला कधी तडा जाऊ दिला नव्हता.

अटक ते कोपरगाव

आता रघुनाथरावांकडे वळू. १७५८ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या सेनापतित्वाखाली मराठी फौजा लाहोरात शिरल्या आणि त्यांच्या तुकड्या सिंधू नदीवरील अटकेपर्यंत जाऊन पोहोचल्या. 'अटकेपार झेंडे लावले' हे शब्द तेव्हापासून मराठी भाषेत अभिमानाची घोषणाच होऊन बसले आहेत. आजही एखाद्या विद्यार्थ्याने परदेशात नाव कमावले, की वर्तमानपत्रे हेच शब्द वापरतात.

परंतु त्याच पुरुषाच्या नावाशी पंधरा वर्षांनंतर दुसरे शब्द जोडले गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात सुमेरसिंग आदी गारद्यांनी अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. 'काका, मला वाचवा' ही त्या तरुण पेशव्याची आर्त हाक लोकस्मृतीत कायमची राहिली. पुतण्याला धरण्याचा हुकूम रघुनाथरावांनी दिला होता. मात्र त्या कागदावरील 'धरावे' या शब्दातील 'ध' चा कोणीतरी 'मा' केला आणि 'मारावे' असे झाले, अशी कथा प्रचलित आहे. लोकांनी हा आळ आनंदीबाईंवर घेतला. त्यास निर्विवाद पुरावा नाही, असे अनेक इतिहासकार मानतात. एवढे मात्र निश्चित, की न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी ठरविले आणि देहान्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगून पुणे सोडले. त्यांच्या शब्दामागे फौज नव्हती, गारदी नव्हते. होती ती केवळ निःस्पृहतेची पत. तो शब्द मात्र अडीचशे वर्षे झाली तरी मराठी मनावर राज्य करीत आहे.

पुढील दहा वर्षे रघुनाथरावांनी इंग्रजांच्या आश्रयाने पेशवाई मिळविण्याचा प्रयत्न केला. १७७५ चा सुरतेचा तह, १७७६ चा पुरंदरचा तह, १७७९ ची वडगावची मराठ्यांची सरशी असे टप्पे घेत हे युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपले. इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला. दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक त्यांना मिळाली आणि वास्तव्यासाठी त्यांनी कोपरगाव निवडले. तेथेच डिसेंबर १७८३ मध्ये त्यांचा अंत झाला. राघोबादादांच्या वाड्याची आठवण आजही कोपरगावात आहे. अटकेपर्यंत ज्यांच्या नावाचा डंका वाजला, त्यांना अखेरीस आपल्याच राज्यात विश्वासू असा शब्द कोणाकडून मिळेना आणि त्यांच्या शब्दावरही कोणी विश्वास ठेवीना, ही या जीवनाची शोकांतिका होय.

व्यापाऱ्याचे संकेत

'ध' चा 'मा' होऊ शकतो, हा धोका दरबारी कारकुनांच्या आधी व्यापाऱ्यांनी ओळखला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. जुनी हुंडी पाहावी. तिच्यात रक्कम एकदाच लिहून भागत नसे. शंभर रुपये आकड्यात लिहून, मग अक्षरी लिहून, पुन्हा 'निम्मे पन्नास, त्याचे दुप्पट' अशा अर्थाची शब्दयोजना करीत. एखादे अक्षर बदलणाऱ्याला सर्वच ठिकाणी बदल करावा लागे आणि तो उघडा पडे. हुंडी वाटेत गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत 'पेठ' आणि तीही हरवली तर 'परपेठ' पाठविण्याची सोय होती. 'शहाजोग' हुंडीचे पैसे बाजारातील प्रतिष्ठित शहालाच मिळत, म्हणजे तेथे माणसाची पत हीच परवल ठरे. जीविताचा प्रश्न असलेला हुकूम जेवढ्या काळजीने लिहिला गेला नाही, तेवढ्या काळजीने शंभर रुपयांची हुंडी लिहिली जात होती, हा विचार मनाला अस्वस्थ करतो.

व्यापाऱ्यांच्या सांकेतिक भाषेने इतिहासात एक फार मोठी वार्ताही वाहून नेली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा भयंकर पराभव झाला. मदतीसाठी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती वाटेत एका सावकारी कासिदाजवळचे पत्र आले. त्यात दोन मोती नष्ट झाल्याची, काही मोहरा गमावल्याची आणि रुपये व तांब्याची नाणी किती गेली याची गणतीच नसल्याची नोंद होती. मोहरांचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा आढळतो. परक्याच्या हाती पडले असते, तर हे एखाद्या पेढीच्या तोट्याचे पत्र वाटले असते. पेशव्यांना मात्र अर्थ कळला. मोती म्हणजे पुत्र विश्वासराव आणि चुलतबंधू सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि खुर्दा म्हणजे असंख्य शिपाई. त्या धक्क्यातून नानासाहेब सावरले नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यास त्यांचे निधन झाले.

तथापि व्यापाऱ्यांच्या संकेतांची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. कापडाच्या ठाणावर खरेदीचा भाव गुप्त अक्षरांत लिहिण्याची जुनी रीत होती. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एखादा शब्द ठरवून प्रत्येक अक्षर एकेका आकड्यासाठी योजावयाचे, म्हणजे मालकाला व मुनीमाला आतबट्ट्याचा व्यवहार टाळता येई. यात ग्राहकाची फसवणूक नव्हती. आपली गोष्ट आपल्यापाशी ठेवणे एवढेच होते. शेतमालाच्या बाजारातील 'हत्ता' पद्धत मात्र निराळी. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून, एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमालाकडे पाहत राही. दोघांमधील गुप्त शब्द तिसऱ्याच्या हक्काच्या आड आला, म्हणजे तो संकेत राहत नाही, ते कपट होते. १९२८ साली शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली आणि महाराष्ट्रात १९६३ च्या कृषी उत्पन्न खरेदी-विक्री अधिनियमाने उघड लिलावाचा पाया पक्का केला. आज बाजार समितीच्या आवारात कांद्याचा भाव मोठ्याने पुकारला जातो, त्यामागे हा इतिहास आहे. व्यापारी समाजाने त्याकडे कमीपणा म्हणून पाहू नये. बाजाराची पत त्यामुळे वाढलीच आहे. जैन आचारात भाषा समिती आणि वचनगुप्ती यांना स्थान आहे. विचारपूर्वक, हितकर बोलणे आणि अनावश्यक ते न बोलणे ही दोन्ही व्रते आहेत. मौनाचा उपयोग दुसऱ्याला ठकविण्यासाठी करण्याची मुभा त्यात नाही.

स्वातंत्र्याचा उद्‌घोष आणि नगरचा किल्ला

विसाव्या शतकात घोषणेने तलवारीची जागा घेतली. नगर जिल्ह्याचा त्यात मोठा वाटा आहे. ३१ मे आणि १ जून १९१६ रोजी लोकमान्य टिळकांनी नगर येथे स्वराज्यावर व्याख्याने दिली. बेळगावच्या व्याख्यानासह या भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडे वर्तणुकीचा जामीन मागितला. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९१६ मध्ये तो हुकूम रद्द केला. 'स्वराज्य' हा शब्द उघडपणे उच्चारणे गुन्हा नाही, हे त्यामुळे प्रस्थापित झाले.

पुढे ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'चले जाव' चा ठराव झाला. ही घोषणा युसुफ मेहेरअली यांनी सुचविली होती. महात्माजींनी तिला 'करेंगे या मरेंगे' या मंत्राची जोड दिली. दुसऱ्याच दिवशी पहाटे धरपकड झाली आणि पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आदी कार्यकारिणीच्या नेत्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आले. नेते किल्ल्यात बंद झाले, तरी घोषणा बाहेरच राहिली. तिला कोणत्याही तटाने अडविता आले नाही. त्याच काळात मुंबईत उषा मेहता व त्यांचे सहकारी जागा बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. ऑगस्टपासून नोव्हेंबर १९४२ पर्यंत तो पोलिसांना सापडला नाही. अखेरीस सापडला तो आपल्यातील एका तंत्रज्ञाने विश्वासघात केल्यामुळे. गुप्त शब्दाचा पराभव बाहेरच्या हुशारीपेक्षा आतल्या फितुरीने अधिक वेळा झाला आहे.

स्वातंत्र्यानंतर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' या घोषणेने १ मे १९६० रोजी राज्य घडविले. कोपरगाव परिसराला परिचित असलेला 'विना सहकार नाही उद्धार' हा मंत्र साखर कारखानदारीच्या रूपाने प्रत्यक्षात उतरला. शब्दामागे काम उभे राहिले, तेव्हाच ती घोषणा लोकांनी आपली मानली.

आजची परवल

आज परवलीचा शब्द राजवाड्याच्या देवडीवरून निघून प्रत्येकाच्या खिशात आला आहे. बँकेचा पासवर्ड आणि मोबाईलवर येणारा ओटीपी ही त्याचीच नवी रूपे होत. रोमन छावणीतील शब्द एका रात्रीपुरता असे. ओटीपी काही मिनिटांपुरता असतो. तत्त्व तेच आहे आणि धोकाही लाल महालाचाच आहे. फोनवरील गोड किंवा दरडावणारा आवाज आपण बँकेतून अथवा पोलीस खात्यातून बोलत असल्याचे सांगतो आणि ज्येष्ठ माणसे विश्वासाने तो आकडा सांगून बसतात. वस्तुतः कोणतीही बँक ओटीपी विचारीत नाही आणि 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही अटक कायद्यात नाही. आयुष्यभराची पुंजी दोन मिनिटांत जाऊ शकते, म्हणून घरातील तरुणांनी वडीलधाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा समजावून सांगणे हे त्यांचे कर्तव्य आहे. आणि एखाद्याची फसवणूक झालीच, तर त्याला दोष न देता तत्काळ तक्रार करण्यास मदत करणे हेही तितकेच आवश्यक आहे. लाजेने गप्प राहिलेला माणूस फसविणाऱ्याचेच काम सोपे करतो.

परवल गुप्त राखावी, घोषणा मोठ्याने द्यावी. परंतु दोन्हींच्या मुळाशी असलेली पत एका दिवसात मिळत नाही आणि ती एका अक्षराने जाऊ शकते, हेच या इतिहासाचे सार होय. 'जय जिनेन्द्र' एवढ्या दोन शब्दांवर परगावच्या अनोळखी बंधूला घराचे दार उघडले जाते, धर्मशाळेत जागा मिळते, पेढीवर बसावयास सांगितले जाते. हा विश्वास मागील पिढ्यांनी आपल्या वागणुकीने कमावलेला आहे. संस्थेने सुवर्णमहोत्सव साजरा करावा, याचा अर्थ पन्नास वर्षे अनेकांनी दिलेला शब्द पाळला असा होतो. तो शब्द खाली पडू न देणे, हाच पुढील पिढीचा खरा उद्‌घोष ठरावा.